देवाचा राग येत नाही का?

मी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती बालगृहात गृहमाता आहे. भेटायला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मुलांसमोर केक कापून झाला, फोटो निघाले, की जाता जाता कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "ताई, रोज ही पोरकी लेकरं बघता. देवाचा राग येत नाही का?" विचारणाऱ्याला बहुधा "सगळी त्याची इच्छा" एवढंच ऐकून गाडीत बसायचं असतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. येतो.

पैशांवरून मात्र येत नाही. लोकांना वाटतं, आमची श्रद्धा पणाला लागते ती किराण्याच्या बिलापाशी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जॉर्ज म्युलरची गोष्ट फार आवडीनं सांगतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात या माणसानं दोन हजारांवर अनाथ मुलं राहतील एवढी घरं उभारली, आणि कोणाकडे एक पै मागितली नाही, फक्त प्रार्थना केली. गोष्ट खरी आहे. पण तो दरवर्षी पैन् पैचा हिशेब छापून प्रसिद्ध करत असे, हे सांगायचं राहून जातं. त्या अहवालांनी न मागता बरंच काही मागितलं असणार, असं माझं मत आहे. हे बोलले की आमची वडीलधारी मंडळी नाराज होतात.

राग येतो तो रात्री. नवीन आलेलं मूल उशीखाली चपाती लपवतं. सकाळी ती वाळलेली असते, मुंग्या लागलेल्या असतात, आणि काढायला गेलं की ते हात चावतं. बारा वर्षांची मुलगी अंथरूण ओलं करते आणि कोणाला कळू नये म्हणून पहाटे स्वतःच चादर धुवायला बसते. आमच्याकडे बऱ्याच मुलांचा एक पालक जिवंत आहे. त्यांचं दुखणं तर आणखी वेगळं. आई दिवाळीला येते म्हणालेली असते, आणि दिवाळीत ते मूल गेटपासून हलत नाही.

मग एखादी विचारते, माझ्या आईला देवानं का नेलं? पाहुण्यांपैकी कोणीतरी हमखास पटकन सांगून टाकतं, "देवाला ती आवडली." हे वाक्य मी आमच्या घरात बंद केलं आहे. आवडली म्हणून आई उचलून नेणाऱ्या देवावर कोणतं पोर प्रेम करील? पाहुण्यांनासुद्धा मी तोंडावर सांगते. एकदोघे पुन्हा आले नाहीत.

त्यापेक्षा मी मुलांना बायबलमधली स्तोत्रं वाचून दाखवते, आणि तीही गोड गोड निवडून नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला सरळ विचारतो, कुठवर? मला कायमचाच विसरलास का? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही. येशूचा मित्र लाजर मेल्यावर त्याची बहीण मार्था येशूला सामोरी जाते आणि म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिला झिडकारत नाही. पुढे तिची बहीण मरिया तेच म्हणते, तेव्हा तो रडतो. देवाशी भांडायची सोय पवित्र शास्त्रानंच करून ठेवली आहे, तर मी ती मुलांपासून का लपवावी?

पंडिता रमाबाईंचा विचार मनात येतो तो इथंच. १८७४ च्या सुमारास, दुष्काळाच्या हालांत त्यांचे आईवडील गेले तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, आणि हातात तान्ही मनोरमा. पुढे इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून पुण्यात किती वादळ उठलं ते सगळ्यांना माहीत आहे. १८९३ मध्ये शारदा सदनातून, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेतून, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आली. पुण्यात प्लेग, म्हणून पुणे जिल्ह्यातल्याच केडगावच्या माळावर; तिथंच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्ती सदनातला आकडा दोन हजारांच्या घरात गेला. त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, विणकाम सुरू केलं, छापखाना घातला, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. भुकेनं आईवडील गेलेले पाहिलेली बाई दुसऱ्यांच्या भुकेल्या मुली आणायला निघते, तेव्हा तिच्या मनात देवाबद्दल नुसतं कौतुकच असेल, हे मला पटत नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंचं बायबलचं मराठी भाषांतर तरीही चालूच होतं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

ओघानं दुसऱ्या प्रश्नाचंही सांगून टाकते, कारण तो दबक्या आवाजात येतोच: मुलांना ख्रिस्ती करता का? मूल आमचं नसतं. बालकल्याण समितीच्या, म्हणजे मुलाला कुठं ठेवायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीच्या, आदेशाशिवाय एकही मूल आम्हाला ठेवता येत नाही. रस्त्यावर सापडलेलं मूल चोवीस तासांत समितीपुढे उभं करावं लागतं. संध्याकाळच्या प्रार्थनेला ज्याला बसायचं तो बसतो. बाकीचे अंगणात खेळतात, आणि खरं सांगायचं तर तिकडेच गर्दी जास्त असते.

माणसांचा राग मला देवापेक्षा जास्त येतो. डिसेंबरात केक, ब्लँकेट, बिस्किटांचे पुडे ठेवायला जागा नसते. जूनमध्ये वह्या, गणवेश, बूट लागतात तेव्हा कोणी फिरकत नाही. सॅनिटरी पॅड, खरजेचं औषध, उवांचा शाम्पू, वीजबिल, स्वयंपाकीणबाईंचा पगार, यांच्यासोबत कोणाला फोटो काढायचा नसतो.

आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृह संपलं. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण गृहाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांच्या निवाऱ्याची, तरतूद आहे, २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी आईबाप नसल्याचे कागद. ज्याचं कोणीच नाही त्यानं ते आणायचे कुठून? या फाइली घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या मारणं हाही माझ्या भक्तीचाच भाग आहे, असं मी धरून चालते.

चपाती लपवणाऱ्या मुलींतली एक आता नर्सिंगला आहे. देवावर तिचा विश्वास नाही, असं ती स्वच्छ सांगते. फोन मात्र दर रविवारी करते, नेमका उपासनेच्या वेळी. मी उठून बाहेर जाते आणि घेते. पाळकसाहेबांना ते आवडत नाही.