आज पायथॉनने पहिल्यांदा ऐकलं

सुट्टी होती, म्हणून सकाळीच पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसले. एका व्हिडिओत बघून 'प्रिंट' लिहिलं, पुढे अवतरणचिन्हांत आईचं नाव, आणि एंटर मारलं. एरर! तासभर तेच. शेवटी लक्षात आलं, तो धडा पायथॉन 2 या जुन्या आवृत्तीचा, जिचा सपोर्ट 2020 च्या सुरुवातीलाच बंद झालाय. पायथॉन 3 मध्ये प्रिंटपुढे कंस लागतोच. कंस टाकला आणि स्क्रीनवर आईचं नाव उमटलं! काय आनंद झाला म्हणून सांगू.

शिकायला बसणाऱ्यांनो, आधी व्हिडिओची तारीख बघा. पायथॉनच्या अधिकृत साइटवरचं ट्युटोरियल मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर तर मराठीतूनही धडे आहेत. आपल्या भाषेत ऐकलं की भीती निम्मी होते, खरंच. उद्या लूप, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करून घेणं.