केपाची की चकमकीची?

कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना, एक नळी, केपाची, म्हणजे घोड्याखाली छोटी स्फोटक टोपी ठेवून उडवायची. निवडणूक लागली की ती पोलिस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. घरापेक्षा ठाण्यातच तिचा मुक्काम जास्त, असं आजी म्हणायची. माकडं आणि डुकरं हाकलायला काढलेले आजोबांचे बहुतेक बार आभाळातच जायचे. मी डावखुरा. ती डाव्या खांद्याला लावून बघायला लागलो की ओरडायचे, "डावऱ्या, तोंड थंय नेव नको, केपाचो तुकडो डोळ्यात जातलो!"

पेनसिल्व्हेनियात येऊन सोळा वर्षं झाली. शिकारीचा कोर्स केला, लायसन्स काढलं, दोन-तीन हंगाम साध्या रायफलीने हरणं मारली. मग शेजारच्या म्हाताऱ्याने ठासणीचं खूळ डोक्यात भरवलं. भारतात परवान्यासाठी किती खेटे घालावे लागतात ते पाहिलेल्या माणसाला इथला प्रकार अजबच वाटतो. 1968 च्या फेडरल कायद्यात जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुका 'अँटिक' धरल्या जातात, त्यामुळे त्या चक्क कुरियरने घरपोच येतात.

प्रश्न होता, घ्यायची कुठली? दुकानात दोन समोर होत्या. एक जुनी, वापरलेली, .50 कॅलिबरची (नळीचा व्यास अर्धा इंच), केपाची, हॉकेन बंधूंच्या जुन्या अमेरिकन रायफलींच्या धर्तीची. किंमत बरी, लाकूड देखणं, पितळेचे तुकडे चकाकत होते. दुसरी .54 ची, हॉकेन पद्धतीचीच पण चकमकीची, डावखुऱ्यांसाठी मुद्दाम डाव्या बाजूला कळ (बार पेटवणारी यंत्रणा) बसवलेली. ही महाग, वर लाकूड मळकट.

केपाची सोयीची, यात वाद नाही. पावसात केपाला फारसं काही होत नाही, घोडा पडला की लगेच बार उडतो. चकमकीच्या बंदुकीत आधी गारगोटी पोलादी पातीवर घासते, ठिणग्या बाहेरच्या प्याल्यातल्या रंजकावर, म्हणजे चिमूटभर बारीक दारूवर, पडतात, रंजकाचा भडका नळीच्या बाजूच्या भोकातून, म्हणजे कानातून, आत जातो, मग मुख्य दारू पेटते. ह्या सगळ्याला लागणारा क्षण सरावलेल्या कानालाही कळतो, आणि तेवढ्या वेळात नवशिक्याची नळी हमखास हलते. पण इथे नाताळच्या दुसऱ्या दिवशी जो हंगाम सुरू होतो तो फक्त चकमकीच्या बंदुकांचा. 1974 पासून तो चालू आहे. कॅलिबर .44 पेक्षा लहान चालत नाही, दुर्बीण चालत नाही. केपाची घेतली असती तर ठासणीच्या खास हंगामांपैकी ती मला फक्त ऑक्टोबरातल्या एका आठवड्यापुरती, तीही हरणाच्या मादीवरच, वापरता आली असती. चकमकीची दोन्ही वेळा चालते. अर्धा निकाल इथेच लागला.

उरलेला अर्धा माझ्या गालाने लावला. क्लबात एकाची उजव्या कळेची चकमकीची बंदूक डाव्या खांद्यावर घेऊन उडवून पाहिली. चष्मा होता म्हणून निभावलं, पण प्याल्यातल्या भडक्याची धग सरळ गालावर आली आणि दारूचे दोन-चार कण मिशीत बसले. आजोबा आठवले. उजव्या कळेच्या बंदुका डाव्या खांद्यावरून मजेत उडवणारे डावखुरे मी पाहिलेत, पण मला ते जमायचं नाही.

.50 की .54, यावर क्लबातले लोक तासन्‌तास भांडतात. मी गोळ्या तळहातावर घेऊन ठरवलं. .50 ची शिशाची गोल गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, .54 ची साडेचौदा. गोल गोळीचा वेग हवेत भराभर मरतो, म्हणून दारू वाढवण्यापेक्षा वजन वाढवणं मला पटलं. मी 80 ग्रेन, म्हणजे पाचेक ग्रॅम दारू घालतो आणि सत्तर पावलांच्या पुढे बार काढत नाही. नळीतला पीळही, म्हणजे आतल्या खाचांचा वळसाही, पाहायचा. माझ्या नळीत 60 इंचांत एक फेरा आहे. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला असा संथ पीळच मानवतो. त्या जुन्या हॉकेनची नळी 48 इंचांत एका फेऱ्याची होती, लांबट गोळीलाही चालावी आणि गोललाही, अशी मधली. माझ्या नळीची लांबी 32 इंच. म्हाताऱ्याची खरी पेनसिल्व्हेनिया रायफल 42 इंची, दिसायला अप्रतिम, पण इथल्या डोंगरात माउंटन लॉरेलच्या झुडपांची जी जाळी आहे तिच्यातून ती नेणं म्हणजे नारळ पाडायची काठी घेऊन बसमध्ये चढणं.

तो मला चिडवतो. हॉकेन बंधूंच्या बहुतेक रायफली केपाच्या होत्या, तुझी चकमकीची हॉकेन म्हणजे धोतरावर बूट, असा त्याच्या बोलण्याचा रोख. खरं आहे. चालेल.

पण विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट त्यानेच शिकवली. लाकूड आणि पितळ नंतर, कळ आधी. दुकानदाराला विचारून नळी रिकामी आहे याची गज घालून खात्री केली आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत घोडा पाडून पाहिला. पांढऱ्या, जाड ठिणग्या प्याल्यात सांडल्या तर कळ चांगली. लाल, बारीक आणि दोन-तीनच पडल्या तर पाती मऊ आहे असं समजायचं. माझ्या मळकट बाईने मूठभर सांडल्या.

तरी पहिल्या हंगामात फजिती झालीच. जानेवारी, बर्फ, चाळीस पावलांवर मादी. चाप ओढला. खट्, प्याल्यात भडका, आणि पुढे काहीच नाही. फुसका बार म्हणजे काय ते त्या दिवशी शब्दशः कळलं. असा बार उशिराही उडू शकतो, म्हणून नळी समोर धरून मनात साठपर्यंत मोजलं. मादी वीसपर्यंत उभी होती, कान माझ्याकडे. सकाळी सहाला भरलेलं रंजक मी दहापर्यंत बदललंच नव्हतं, ते दमट झालं होतं. शिवाय प्याला काठोकाठ भरून कान बुजवला होता. आता तासातासाला रंजक झटकून नवं घालतो, तेही कानापासून जरा दूर, अर्ध्या प्याल्यापेक्षा कमी.

पुढच्या शनिवारी उडाला. समोर नुसता पांढरा धूर. खाली वाकून पाहिलं तेव्हा मादी ओढ्याकाठी पडलेली दिसली. रात्री बाथरूममध्ये गरम पाण्याने नळी धूत बसलो. बायकोने दार ढकलून विचारलं, अंडी नासलीत का घरात?

रविवारी बाबांना कुडाळला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "केपाची नाय मा?"