तिरका बॉल आणि बागेतला ग्रास कटर

मे महिन्यात भाचा पुण्याहून आमच्याकडे देवगडला आला होता तेव्हा त्याने मला गोल्फच्या ऑनलाइन गेमचा नाद लावला आणि तेव्हापासून मी रोज रात्री जेवणं उरकली की खळ्यात बसून नऊ होल तरी खेळतोच, लाइट आणि रेंज असेल तर. ड्राइव्ह (पहिला लांब फटका) जमला, पटिंग (होलजवळ बॉल हळूच घरंगळवणं) बऱ्यापैकी जमलं, पण बॉल उतारावर थांबला की सगळं बिघडायचं. वारा आकड्यात दिसतो, अंतर दिसतं, पायाखालचा उतार मात्र खेळाडू कसा उभा आहे ते बघून आपणच ओळखायचा.

मला तो कळला बेणणीच्या (गवत कापण्याच्या) वेळी. आमची कलमं सगळी उतारावर. तिथे ग्रास कटर घेऊन चढाकडे तोंड करून उभं राहिलं की दांडा आखूड धरावा लागतो, नाहीतर पातं मातीत घुसतं, आणि हात आपोआप आडवे फिरतात. बॉल पायांपेक्षा वर असला की अगदी हेच होतं, स्विंग आडवा होतो आणि बॉल डावीकडे जातो. म्हणून नेम उजवीकडे. बॉल पायांच्या खाली असेल तर उलट, बॉल उजवीकडे जातो, नेम डावीकडे. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं सांगतोय, डावखुऱ्यांनी उलटं धरा.)

आता खरी गोष्ट. मला वाटायचं लांबचा शॉट जास्त वळणार आणि वेज (जवळच्या उंच शॉटचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) जवळचा म्हणून सरळ जाणार. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तू वेजलाच जास्त सोड, म्हणजे नेम जास्त बाजूला धर." आणि ते बरोबर आहे! 3 वूड या लांबच्या क्लबचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) साधारण 15 अंश, सँड वेजचा 56च्या आसपास. जेवढा लॉफ्ट जास्त तेवढं आडव्या उतारावर क्लबचं तोंड बाजूला वळतं. म्हणजे 80 यार्डांवरून साधा वाटणारा शॉटच ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) चुकवतो. बॉल पायांच्या वर असेल तर मी आता होलच्या उजवीकडे पाच-सहा यार्ड धरतो, उतार जास्त वाटला तर अजून.

समोर चढ असेल तर लॉफ्ट वाढतो, बॉल उंच जातो आणि अलीकडेच पडतो. आयर्नमध्ये (मधल्या अंतराचे, आकड्यांनी ओळखायचे क्लब) लागोपाठच्या दोन क्लबांत साधारण चार अंशांचा फरक असतो, म्हणून तेवढ्या चढाला 7 आयर्न 8सारखा चालतो, मोठा, म्हणजे कमी आकड्याचा, क्लब घ्यायचा. पण ग्रीन किती वर आहे तो हिशोब वेगळा! दर 3 फुटांना 1 यार्ड मी धरतो. दोन्ही एकत्र मोजले नाहीत तर शॉट कमी पडतो. उतरता बॉल सगळ्यात वाईट, खालून निघतो आणि पडल्यावर धावत सुटतो, तिथे मी पिनकडे (होलमधल्या झेंड्याकडे) बघतच नाही, ग्रीनच्या अलीकडे टाकतो.

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या गोल्फ कोर्सचा 13वा होल बघा, पार 5 (पाच फटक्यांचा), फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) उजवीकडून डावीकडे उतरता, दुसऱ्या शॉटला बॉल पायांच्या वर आणि ग्रीनपुढे ओढा. मास्टर्स या तिथल्या मोठ्या स्पर्धेत खेळणारे सुद्धा तिथे कधीकधी लेअप करतात, म्हणजे बॉल ओढ्याच्या अलीकडेच ठेवतात, मग आपण कशाला घाई करायची? मी हल्ली टीवरूनच (पहिला फटका मारायच्या जागेवरूनच) ठरवतो की 60 यार्डांवर तिरका बॉल नको, 110वर सपाट चालेल. परवा ड्राइव्हरऐवजी 3 वूड मारला, सपाटीवर थांबला, तिथून पिचिंग वेज आणि पटिंगचे दोन फटके. भाच्याला लगेच स्क्रीनशॉट पाठवला.