देखाव्यापुढे साधं सुलट

विणकामानं मन शांत होतं असं सांगणारी माणसं बहुधा स्वतः विणत नसतात. ती समोर बसून चहा पीत असतात आणि दुसऱ्याच्या सुयांची टकटक ऐकून त्यांना बरं वाटत असतं. विणणारीच्या डोक्यात तेव्हा ‘दोन सुलट एकत्र, लोकर पुढे, एक सुलट, लोकर पुढे’ असं चाललेलं असतं. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, "गॅस बंद केलास का गं?" गॅस बंद होतो. ओळ हातातून गेलेली असते.

जाळीच्या विणीत तर हे फारच. लोकर पुढे घेतली की एक टाका वाढतो, दोन टाके एकत्र विणले की एक घटतो, आणि ही वाढघट ओळीच्या शेवटी जुळावी लागते. मधे कुठे लोकर पुढे घ्यायची राहिली तर त्या क्षणी काहीही कळत नाही. ओळ मजेत पुढे जाते, पानं उमटायला लागल्यासारखी वाटतात, आणि पार टोकाला आल्यावर एक टाका कमी भरतो. साध्या विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईनं एकेक ओळ वर उचलत आणता येतो. जाळीत मुळात भोकंच इतकी, की सुटलेल्या टाक्याचं भोक कोणतं आणि नक्षीचं कोणतं हे शोधताना डोळे जातात. म्हणून जाणत्या बायका ठरावीक ओळींनंतर वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवतात. उसवायची वेळ आलीच तर त्या दोऱ्याशी थांबता येतं. एवढं शहाणपण माहीत असूनही, वीण छान चाललेली असताना उठून दोरा ओवायचा कंटाळा न येणारी बाई मला अजून भेटायची आहे.

तर अशी पानांच्या जाळीची शाल पिशवीत घालून मी उत्तराखंडातल्या, हिमालयातल्या मुनस्यारीला गेले. मे महिना होता, पुण्यात पंख्याचा वारासुद्धा गरम येत होता, आणि लोकर हातात घेतली की बोटांच्या घामानं ती सुईवर सरकेना. थंड हवेत शाल झरझर होईल असा माझा हिशेब. बरोबर आमचे हे, दीर आणि जाऊबाई. दिरांकडे बघायच्या ठिकाणांची छापील यादी होती.

काठगोदामला रेल्वे संपते आणि तिथून पुढे पावणेतीनशे किलोमीटर नुसती वळणं. गाडीत विणायचं म्हणजे सुई कुणाच्या तरी बरगडीत. जाऊबाई आवळासुपारी चघळत डोळे मिटून बसल्या होत्या आणि दर वळणाला "आलं का?" विचारत होत्या. चौकोडीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी थल गेलं, मग सव्वाशे मीटरवरून कोसळणारा बिर्थीचा धबधबा आला. तो रस्त्यावरून दिसतो, म्हणून जाऊबाईंनी काचेतूनच त्याला नमस्कार केला. पुढे चढ चढून कालामुनीची खिंड. तिथल्या देवळाला बांधलेल्या घंटा वाऱ्यानं आपोआप किणकिणत होत्या. खिंड ओलांडून गाडी पलीकडे उतरायला लागली आणि पंचाचुलीची पाच बर्फाळ शिखरं दिसली. गाडीत एकदम कुणी बोलेना. दिरांनी यादी खाली ठेवली, हे विशेष.

मुनस्यारी साधारण २२०० मीटरवर आहे आणि पंचाचुलीचं सगळ्यात उंच शिखर ६९०४ मीटर. मधे गोरीगंगेची खोल दरी, आणि पलीकडे आपल्या अंगणातल्या खुर्चीपासून साडेचार किलोमीटर उंच उठलेला बर्फ. स्वर्गाच्या वाटेला लागण्याआधी पांडवांनी इथल्या पाच चुलींवर शेवटचा स्वयंपाक केला असं म्हणतात. द्रौपदीला तेव्हाही सुट्टी नव्हती, असं जाऊबाई म्हणाल्या.

आता मराठी माणूस डोंगरात गेला की त्याला सूर्योदय बघायचा असतो. महाबळेश्वर असो नाही तर माथेरान, पहाटे चारला कानटोपी घालून एका पॉइंटवर कुडकुडत उभं राहणं हा आपला धर्म आहे. मुनस्यारीत मात्र शिखरं पूर्वेच्या अंगाला. सूर्य त्यांच्या पाठीमागून वर येतो, त्यामुळे पहाटे बर्फाची नुसती काळी कड दिसते. खरा रंग संध्याकाळी. दुपारी ढग येऊन सगळं पुसून टाकतात, कधी गाराही पडतात, आणि मग साडेपाच-सहाच्या सुमाराला ढग फाटले तर फाटले. फाटले, तर मावळतीचं ऊन समोरून थेट बर्फावर पडतं आणि पाची शिखरं आधी पिवळी, मग केशरी, मग गुलाबी होत जातात. पण ढग किती वाजता फाटतील हे कुणी सांगू शकत नाही. तिथे बसून राहायला लागतं. आणि बसून राहणं माणसाला जमत नाही.

मी हे अंगणातल्या खुर्चीवरून निरखून पाहिलं आहे. जगातला कितीही भव्य देखावा असला तरी रिकाम्या हातांचा माणूस दहा मिनिटांत चुळबुळ करायला लागतो. पहिली दोन मिनिटं ‘अहाहा’, मग फोटो, मग ते फोटो घरच्यांना पाठवणं, मग रेंज नाही म्हणून कुरकुर, मग "इथे जवळपास अजून काय बघण्यासारखं आहे?" दीर आणि आमचे हे खलिया टॉपच्या वाटेला गेले, जाऊबाई नंदादेवीच्या देवळात जाऊन आल्या, आणि मी मात्र त्या खुर्चीत दुपारभर बसू शकले ते केवळ हातात सुया होत्या म्हणून. हात गुंतलेले असले की डोळे मोकळे होतात. पोथी ऐकताना बायका वाती वळतात, त्यातली युक्ती हीच असावी.

पण डोळे मोकळे व्हायचे तर वीण मुकी हवी, आणि माझ्या हातात होती पानांची जाळी. तिला बारा टाक्यांच्या दर आवर्तनात नजर हवी. वर बघितलं की ढग सरकलेला, खाली बघितलं की पान वाकडं. दोघांनाही माझं पूर्ण लक्ष हवं होतं आणि दोघंही हटून बसली होती. संध्याकाळी ढग फाटला तेव्हा मी सतरावा टाका, अठरावा टाका करत होते. वर पाहिलं ते पाहतच राहिले, आणि अठराव्या टाक्याचं पुढे काय झालं ते कुणास ठाऊक. त्या रात्री खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली मी पाच ओळी उसवल्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून करड्या रंगाची जाड देशी लोकर आणून नुसतं सुलट, परत सुलट, असा मफलर घातला. चाळीस टाके, अक्कल लागत नाही, हात आपोआप चालतात. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: देखाव्यापुढे साधं सुलट. जाळी न्यायचीच असेल तर रेल्वे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये न्यावी, जिथे बघण्यासारखं काही नसतं.

मुनस्यारी हे जोहार खोऱ्याचं दार. इथले शौका लोक पिढ्यान् पिढ्या उंटाधुरा खिंडीतून तिबेटशी व्यापार करत. जाताना धान्य आणि कापड, येताना मीठ, टाकणखार आणि लोकर; आणि ओझी मेंढ्या-बकऱ्यांच्याच पाठीवर. १९६२च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली. तिबेटची लोकर थांबली, पण लोकरीची विद्या हातांत राहिली. डॉ. शेरसिंग पांगती यांनी इथे उभारलेल्या वारसा संग्रहालयात त्या जुन्या दिवसांची भांडीकुंडी, कपडे, अंथरुणं जपलेली आहेत. जवळच्या दरकोट गावात अजून मागावर काम चालतं. थुलमा नावाचं लांब केसाळ पांघरूण आणि दन नावाचा गालिचा या भागाची खासियत. दोघांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि मुनस्यारीच्या राजम्यालाही. राजमा आम्ही पाच किलो घेतला. जाऊबाई तराजूच्या काट्याकडे बघत होत्या.

दरकोटला एका अंगणात एक आमा टकळीवर लोकर कातत बसली होती. आमा म्हणजे आजी. सगळं गाव तिला तसंच म्हणत होतं. तिचं लक्ष चुलीवरच्या भांड्याकडे, नातवाकडे, आमच्याकडे, सगळीकडे होतं; टकळीकडे सोडून. बोटांनी एक गिरकी दिली की टकळी हवेत गरगरत खाली जायची, मागून एकसारखा धागा लांबत यायचा, ती तो गुंडाळायची, पुन्हा गिरकी. पंचाचुली तिच्या पाठीमागे होती. मी मोडक्या हिंदीत विचारलं, "रोज दिखता है तो कैसा लगता है?" तिनं मागे वळून बघितलं आणि ढग आलेत, कपडे काढायला हवेत, असं नातवाला सांगितलं.

याच खोऱ्यातल्या मिलमचे पंडित नैनसिंग रावत. १८६५-६६ मध्ये ते यात्रेकरूच्या वेषात तिबेटातल्या ल्हासापर्यंत गेले आणि नकाशासाठी वाटभर पावलं मोजत गेले. हातातली माळ १०८ ऐवजी १०० मण्यांची, दर शंभर पावलांना एक मणी. पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावलं. टिपणं प्रार्थनाचक्राच्या पोटात लपवलेली. या कामाबद्दल १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती, पण हातात बारा टाक्यांचं आवर्तन असताना ती वेगळीच लागली. बर्फाच्या खिंडीतून, चोराचिलटांच्या भीतीत, बरोबरच्या माणसांशी बोलत असताना या माणसाची मोजणी चुकली नाही. मला गॅसचं कुणी विचारलं तर चुकते. नकाशा करणाऱ्यांना त्यांच्या धैर्याचं कौतुक वाटलं असेल. मला आपलं बोलता बोलता मोजण्याचं वाटतं.

आमाकडून मी एक टकळी आणि पिंजलेल्या लोकरीचे पेळू घेतले. मोहच तो. आमची आजी जानव्याचं सूत पितळी टकळीवर काततच असे. तिचा धागा केसासारखा बारीक. चार बोटांभोवती शहाण्णव वेढे मोजून घ्यायची, मग तिपदरी करून पुन्हा तिपदरी. तिला मोजताना हाक मारली तर ती फक्त डावा हात वर करायची. तिची नात असल्यामुळे थोडंफार रक्तात असेल असं मला वाटलं होतं. कापूस आणि लोकर यांचं रक्त वेगळं असतं, हे पुण्याला आल्यावर समजलं.

कताईत सगळी गंमत पिळात आहे. पीळ कमी पडला की तंतू एकमेकांना धरत नाहीत, धागा सरकून तुटतो आणि टकळी फरशीवर आपटते. पीळ जास्त झाला की धाग्याच्या जागोजागी गाठोळ्या वळतात आणि तो स्वतःच्याच अंगाला गुंडाळी मारतो. आणि पीळ बरोबर पडेपर्यंत पेळूतून लोकर किती सोडायची हे डाव्या हाताला समजलेलं नसतं, मग इथे सुतळी आणि तिथे कोळ्याचं जाळं. बारीक जागी पीळ आधी धावतो, जाड जागी शिरतच नाही. म्हणजे जिथे धागा आधीच घट्ट तिथे तो आणखी घट्ट होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा वर येऊन विचारलं की दुपारी काय पडतं. टकळी दाखवली तर म्हणाल्या, "आम्हाला शाळेत होती की सूतकताई!" आणि उभ्या उभ्या हात लावून त्यांनी वीतभर बरा धागा काढला. मला अजून त्याचा राग आहे.

तुटतुटत का होईना, दोन टकळ्या भरल्या. मग दोन पदर उलट्या दिशेनं एकत्र पिळायचे. उलटा पीळ पडला की दोघांचाही अंगचा ताठा थोडा कमी होतो आणि धागा शांत लोंबतो. ही पायरी मात्र मला मनापासून आवडली, दोन हट्टी पदरांकडून काहीतरी समजुतीचं घडताना दिसतं. त्यानंतर लड कोमट पाण्यात भिजवून वाळत घालायची. तोवर जुलै आला होता. पुण्याच्या जुलैत रुमाल वाळत नाही, लोकरीचं काय. बाल्कनीतल्या दोरीवर ती लड दिवसेंदिवस ओली लोंबत राहिली आणि घरभर मेंढीचा वास. "मेंढी आणली असतीस तरी चाललं असतं, निदान बाहेर बांधली असती," इति आमचे हे.

धनगरांकडून आपल्याकडची दख्खनी लोकरही मागवून बघितली. काळीभोर, राकट, आखूड तंतूंची. तिचं खरं स्थान घोंगडीत. घोंगड्या विणणारे सणगर तिला चिंचोक्याची खळ लावून मागावर चढवतात आणि ती घोंगडी पावसात पाणी अंगाला लागू देत नाही. माझ्या टकळीवर ती एक गिरकीही टिकेना. मी नमस्कार करून ठेवून दिली.

शेवटी मुनस्यारीच्या लोकरीचा हातभर रुंदीचा एक तुकडा झाला. काय झालंय हे कुणी विचारलं तर मी "नमुना" म्हणते. मफलर मात्र पूर्ण झाला, दीर तो डिसेंबरात सकाळी फिरायला जाताना घालतात. शालीत अजून पान क्रमांक नऊ चालू आहे. परवा भाची आली होती. ती तो नमुना हातात घेऊन म्हणाली, "मावशी, तू स्वतः कातलेल्या लोकरीची मला टोपी कर ना." मी म्हटलं, टोपीचं नाव काढू नकोस, हवा तर राजमा घेऊन जा, अजून दोन किलो आहे.