राजगुरूंची पहिली गोळी आणि तिच्या आजूबाजूची माणसं

१७ डिसेंबर १९२८. लाहोरच्या पोलीस कचेरीबाहेर चौघे जण थांबले होते आणि चौघांची कामं ठरलेली होती. जयगोपाल रस्त्याच्या कडेला सायकल बिघडल्यासारखी खाली-वर करत होता. कचेरीतून पोलीस अधीक्षक स्कॉट बाहेर आला की खूण करायची, एवढीच त्याची जबाबदारी. पहिली गोळी राजगुरूंनी झाडायची होती. त्यांच्याबरोबर भगतसिंग होते. रस्त्यापलीकडे डीएव्ही कॉलेजच्या आवारात चंद्रशेखर आझाद माउझर पिस्तूल घेऊन उभे होते, कारण पाठलाग झाला तर तो तिथेच अडवायचा होता. कॉलेजच्या आवारातून वसतिगृहाकडे आणि तिथून सायकलींवरून पसार व्हायचं, असा परतीचा मार्ग ठरला होता.

राजगुरूंबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा थेट फाशीपाशी जातो. तीन नावांतलं शेवटचं नाव, एक फोटो, एक पुतळा. पण हा माणूस ‘हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन असोसिएशन’ या क्रांतिकारकांच्या पक्षात नेमकं काय करत होता हे समजून घ्यायचं तर ही दुपार बारकाईनं बघावी लागते. पक्षात त्यांची ओळख नेमबाज म्हणून होती आणि पहिल्या गोळीचं काम म्हणूनच त्यांच्याकडे आलं.

चूक झाली ती ओळख पटवण्यात. स्कॉट त्या दिवशी कचेरीत आलाच नव्हता. बाहेर पडला तो जॉन साँडर्स, एकवीस वर्षांचा सहायक अधीक्षक. तो मोटरसायकलवर बसला, जयगोपालनं खूण केली आणि राजगुरूंची गोळी साँडर्सला लागली. तो पडल्यावर भगतसिंगांनी आणखी गोळ्या झाडल्या. मागे धावलेल्या चननसिंग या हवालदाराला आझादांनी आधी बजावलं. तो थांबेना तेव्हा त्यांनी गोळी घातली.

आखणीत माणसं, हत्यारं आणि पळण्याची वाट यांचा नीट विचार झाला होता. कच्चा राहिला तो सगळ्यात साधा दुवा. ज्याला मारायचं त्याचा चेहरा खूण करणाऱ्यालाच पक्का माहीत नव्हता. लाला लजपतराय यांच्या नेतृत्वाखालच्या मोर्चावर ३० ऑक्टोबरला लाठीहल्ल्याचा हुकूम देणारा स्कॉट होता. लालाजी १७ नोव्हेंबरला गेले आणि बरोबर महिन्यानं ही कारवाई झाली. शहरात पत्रकं लागली ती साँडर्सच्या नावानं. पक्षानं झालेल्या चुकीची जबाबदारी झटकली नाही, एका माणसाचा जीव घ्यावा लागल्याचं दुःखही पत्रकात नोंदवलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. भगतसिंगांच्या पुढच्या लिखाणातही माणसाच्या जीवाचं मोल पुन्हा पुन्हा येतं.

शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ चा, पुणे जिल्ह्यात भीमेच्या काठावरच्या खेडचा. वडील लहानपणीच गेले, पुढचा सांभाळ थोरल्या भावानं केला. पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून ते काशीला गेले. तिथे संस्कृत शिकले, आखाड्यात घुमले. आझादांशी गाठ पडली तीही तिथलीच. पक्षात त्यांचं नाव ‘रघुनाथ’, खटल्याच्या कागदांत ‘एम.’ असंही येतं. मराठी मुलगा उत्तर हिंदुस्थानातल्या गटात कसा, असा प्रश्न पडतो, तर त्याचं उत्तर काशीत आहे. देशभरातले विद्यार्थी तिथे येत असल्यानं परप्रांतीय तरुण कुणाच्या डोळ्यावर येत नसे. भूमिगत माणसाला याहून चांगली जागा कुठली?

८ आणि ९ सप्टेंबर १९२८ ला दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या भिंतींत बैठक झाली आणि संघटनेच्या नावात ‘सोशालिस्ट’ हा शब्द आला. नाव मोठं झालं, गल्ला मात्र रिकामाच होता. डिसेंबरच्या सुरुवातीला लाहोरमध्ये पंजाब नॅशनल बँकेवर हात टाकायचा बेत ठरला होता. तो बारगळला तो मोटारीपायी. पळून जायला भरवशाची गाडीच हाताशी नव्हती. त्यामुळे साँडर्सच्या वेळी पक्षानं सायकलींवर भिस्त ठेवली, ते मला शहाणपणाचं वाटतं. सायकल गल्लीबोळातून जाते, आवाज करत नाही, आणि लाहोरमध्ये विद्यार्थ्याकडे सायकल असणं यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

गोळीबारानंतर रस्ते, नाके, स्टेशन, सगळीकडे पोलीस. खरी कसोटी शहराबाहेर पडण्याची होती. सुखदेव दुर्गादेवी व्होरांकडे गेले. त्यांचे पती भगवतीचरण घरखर्चाला ठेवून गेले होते ते पैसे दुर्गाभाभींनी काढून दिले. २० डिसेंबरच्या पहाटे स्टेशनवर एक साहेबी थाटाचा तरुण, त्याची बायको, कडेवर लहान मूल आणि सामान वाहणारा नोकर असे आले. साहेब भगतसिंग होते, बायको झालेल्या दुर्गाभाभी, मूल त्यांचा मुलगा शचींद्र, नोकर राजगुरू. पोलीस तरुण मुलांची टोळी शोधत होते, कुटुंबाकडे कोण बघणार! वरच्या वर्गाची तिकिटं साहेब-मेमसाहेबांची, राजगुरूंचं तिकीट तिसऱ्या वर्गाचं. नोकराला वेगळ्या डब्यात बसावं लागतं म्हणून सोंग अधिकच पटणारं झालं. या सगळ्यात सर्वांत जास्त जोखीम दुर्गाभाभींची होती. पकडल्या गेल्या असत्या तर लहानग्या मुलासकट. गाडी लखनौला पोचल्यावर राजगुरू वेगळे झाले आणि काशीकडे गेले. आझाद यात्रेकरूंच्या मेळ्यात मिसळून मथुरेकडे निघून गेले.

८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकायला आपल्यालाच पाठवा, असा राजगुरूंचा हट्ट होता. पाठवलं बटुकेश्वर दत्तांना. त्यानंतर आठवडाभरातच लाहोरच्या काश्मीर बिल्डिंगमधला बॉम्बचा कारखाना पोलिसांच्या हाती लागला, सुखदेव पकडले गेले, मे महिन्यात सहारनपूरचा अड्डाही गेला. माझ्या मते पक्ष मोडला तो इथे. एकेका अड्ड्यावर कितीतरी जण राहून गेले होते, टोपणनावं असली तरी चेहरे सगळ्यांना पाठ होते. खूण करणारा जयगोपालच माफीचा साक्षीदार झाला. बिहारचा फणींद्रनाथ घोष तर मध्यवर्ती समितीतला, त्याला गुप्त राहिलेलं फारसं काही नव्हतं. पाच माफीच्या साक्षीदारांच्या जोरावर खटला उभा राहिला.

राजगुरू ३० सप्टेंबर १९२९ ला पुण्यात पकडले गेले. ही तारीख लक्षात ठेवावी, कारण याच खटल्यातले आरोपी जतीन दास यांच्या तुरुंगातल्या उपोषणाच्या वर्णनात राजगुरूंना बऱ्याचदा ओढलं जातं. जतीन दास ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबरला गेले. राजगुरू तेव्हा बाहेर होते.

१ मे १९३० ला व्हाइसरॉय आयर्विननं वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचं खास न्यायाधिकरण नेमलं. आरोपी हजर नसले तरी कामकाज चालेल आणि हायकोर्टात अपील नाही, अशी त्याची रचना होती. दाद मागायची तर लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे. वटहुकमाचं आयुष्य सहा महिन्यांचं, म्हणून निकाल ऑक्टोबर संपायच्या आत लागणं सरकारला भाग होतं. आरोपींना भर कोर्टात मारहाण झाल्यावर त्यांनी तिथे पाऊल ठेवायचं नाकारलं. ४५७ साक्षीदारांपैकी जवळजवळ कुणाचीच उलटतपासणी झाली नाही. ७ ऑक्टोबरला भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

फाशी ठरली होती २४ मार्च १९३१ च्या सकाळची. दिली २३ च्या संध्याकाळी, सातच्या पुढे, कारण लाहोरमधले लोक सकाळी तुरुंगाबाहेर जमतील ही सरकारला धास्ती होती. तिघांचे देह रातोरात मागच्या बाजूनं बाहेर काढले आणि सतलजच्या काठावर नेऊन जाळले. राजगुरू तेव्हा बावीस वर्षांचे होते.