बहिणीची सही

आज दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रांचीच, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याच्या दस्तांचीच गर्दी. वडील गेले की वारसनोंदीने मुलींची नावं सातबाऱ्यावर लागतात, आणि मग माहेर तुटू नये म्हणून बहिणी एक रुपयाही न घेता सही देतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. रीत मात्र जुनीच. नवऱ्याच्या सातबाऱ्यावरही तिचं नाव क्वचितच. म्हणजे शेतात राबते ती, पण पीककर्ज मागायला गेली तर बँकेच्या लेखी ती शेतकरीच नाही. फार वाईट वाटतं.

ताईंनो, नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजी फिरवता येत नाही. सहीआधी मसुदा पूर्ण वाचून घ्या, त्यातले गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. सोडायचा असतो एक गट, लिहिलेले असतात सगळे. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीची नोटीस आल्यावर हरकतीला १५ दिवस मिळतात.