भिंतीतल्या शेल्फची तिसरी नोंद : ट्रिगरची मिनिटं

शेल्फसाठी हॅमर ड्रिलने पाडायच्या २४ भोकांपैकी १५ झाली, ९ उरली. माप ८ मिमी, खोली ५० मिमी, भिंत काँक्रीटची. काम मुद्दाम हळू चाललंय, त्याचं कारण सांगतो.

पहिल्या दिवशी सहावं भोक पाडून मशीन खाली ठेवलं, तर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. थोड्या वेळाने गेल्या, पण मनातून गेल्या नाहीत. रात्री मशीनची पुस्तिका काढून कधीच न वाचलेली मागची पानं वाचली. हॅमर मोडमध्ये (फिरता फिरता ठोकेही देताना) काँक्रीटसाठी कंपनाचा आकडा दिला होता : १५ मी/से². युरोपच्या २००२च्या निर्देशानुसार ८ तासांच्या सरासरीने २.५च्या वर गेलं की मालकाने कंपन कमी करायला हात घालायचा, आणि ५ ही दिवसाची कमाल मर्यादा. कंपन दुप्पट झालं की परवानगीचा वेळ चौथाईवर येतो. म्हणजे १५च्या मशीनवर पहिली पायरी अवघ्या १३ मिनिटांत गाठली जाते. नियम कामगारांसाठी आहे, पण नसा आणि रक्तवाहिन्या आपल्याही त्याच.

माझं एक भोक सरासरी ४० सेकंदांचं. २४ भोकं म्हणजे १६ मिनिटं. एका दमात सगळी उरकायचा बेत तिथेच रद्द केला आणि वहीत ट्रिगर दाबलेला वेळ लिहायला लागलो. थंडीत बोटं पांढरी पडणं, बधिर होणं ही पुढची लक्षणं, आणि नसांना झालेली इजा पुरती भरून येईलच असं नाही. 'अँटी-व्हायब्रेशन' हातमोज्यांच्या भरवशावर मात्र राहू नका. सैल हातमोजा फिरत्या बिटात (भोक पाडणाऱ्या दांड्यात) अडकला तर बोटासकट ओढला जातो.

आवाजाचं गणितही तसंच निघालं. हॅमर ड्रिल १०० डेसिबलच्या आसपास सहज जातं. ८५ला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, या अमेरिकी शिफारशीने १००ला १५ मिनिटं मिळतात. आता कानांवर इअरमफ घातल्याशिवाय मशीनचा प्लग लावत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराव्या भोकात बिट काँक्रीटमधल्या लोखंडी सळईला अडकलं. बिट थांबलं, मशीन फिरलं आणि मनगट पिरगळलं. दुसऱ्या हाताने धरायचं साइड हँडल खोक्यातच होतं. त्यावेळी ट्रिगरचं लॉक लावलेलं असतं तर मशीन हातातून सुटूनही फिरत राहिलं असतं. हातात धरून काम करताना ते बटण मी आता कधीच दाबणार नाही. सळई लागली की जोर लावायचा नाही, जागा सरकवायची.

मग एका मित्राचं रोटरी हॅमर आणलं आणि कामाचा सगळा नूरच पालटला. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात, म्हणून मागून रेटावं लागतं. रोटरीत हवेच्या दाबाने आतला दट्ट्याच मारतो, आपण फक्त दिशा धरायची. शेवटची चार भोकं प्रत्येकी १२ सेकंदांत झाली. नुसतं पकड सैल ठेवता येणं हासुद्धा मोठा आराम आहे. काँक्रीटमध्ये वरचेवर भोकं पाडणाऱ्याने दुसरं काही घेण्याआधी हे घ्यावं, असं माझं ठाम मत झालंय.

धुळीबाबत मी सर्वात कडक आहे. काँक्रीट आणि विटांच्या धुळीत स्फटिक सिलिका असते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये तिला कर्करोगकारक ठरवलं. फुप्फुसात खोल जाणारे कण डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि ते बराच वेळ हवेत तरंगतात. त्यामुळे हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमचं तोंड भोकाला लागूनच धरतो, एफएफपी२ दर्जाचा धूळरोधक मास्क घालतो, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसतो. मास्कची कड गालाला घट्ट बसावी म्हणून दाढीही काढली.

तारांसाठी डिटेक्टर फिरवतोच, पण स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत त्याने 'काही नाही' म्हटलं तरी भोक घेत नाही. गॉगल डोळ्यांवर असतोच. बिट बदलताना प्लग काढलेला.

उरलेली ९ भोकं रविवारी. १२ सेकंदांच्या हिशोबाने दोन मिनिटांपेक्षा कमी. त्यानंतर लोखंडी ब्रॅकेटची भोकं मोठी करायची आहेत, आणि ती हातात धरून नाही, शिकंज्यात आवळून.